पाणकणसाच्या सात ओळी

मुलीकडे चार महिने राहायला जाताना अध्यक्षांनी आपल्या बागेच्या फाटकाची किल्ली शेजारच्या नर्सरीबाईंच्या हातात ठेवली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण त्यांना तरी काय ठाऊक? गेली तीन वर्षं नर्सरीबाई पाणथळ बचाव समितीत त्यांच्या उजव्या हाताला बसत होत्या, बैठकांचं इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहीत होत्या, त्यांच्या प्रत्येक विनोदाला बेताचं हसत होत्या. आपल्याला पाण्यात पाहणारी बाई आपल्याच शेजारी बसून आपलीच वाक्यं उतरवून घेते आहे, हे कायद्याच्या या निवृत्त प्राध्यापकाच्या लक्षात आलं नाही. कायदा शिकवणाऱ्यांना माणसं जरा कमीच कळतात.

“फवारा बंद करू नका,” अध्यक्ष म्हणाले. “सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आपोआप चालू होतो. हिरवळीला पाणी कमी पडता कामा नये. आणि गवत कापायला कुणाला बोलावू नका. माझी हिरवळ मीच कापतो. बाकीचे लोक मुळापासून खरवडतात.”

“तुम्ही सांगताय तसंच करीन,” नर्सरीबाई म्हणाल्या.

अध्यक्षांच्या मागे त्यांची बायको बॅगांची कुलपं तपासत उभी होती. तिने उभी हयात शाळेच्या ग्रंथालयात काढलेली. सगळे तिला ग्रंथपालबाई म्हणत. इतकी वर्षं दुसऱ्यांना हळू बोला, हळू बोला म्हणण्यात गेली, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज बहुतेक कुणी ऐकलेला नव्हता. तिने मान हलवून निरोप घेतला आणि ती गाडीत बसली.

नर्सरीबाई हे काही खरं नाव नव्हे. बाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या रोपवाटिकेत काढली होती, म्हणून ते चिकटलं. वसाहतीत नव्याने आलेल्या आयांना वाटायचं, या लहान मुलांना शिकवत असणार. दोघीतिघींनी तर प्रवेशासाठी चौकशीही केली होती. बाईंनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. रोपं काय आणि पोरं काय, वेळेवर पाणी आणि अधूनमधून दटावणी, एवढंच दोघांना लागतं, असं त्यांचं मत होतं.

वसाहतीतल्या घरांच्या पाठी पाणथळीकडे. मागचं दार उघडलं की थोडी बाग, मग उतार, मग चिखल, मग पाणकणीस हे कणसासारख्या तपकिरी तुऱ्यांचं उंच पाणगवत आणि त्यापलीकडे पसरलेलं उथळ पाणी. बाईंच्या नवऱ्याचे पाय एका आजारात गेले आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला, तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली होती. मागच्या दारापासून उतारावर लाकडी फळ्यांची वाट, म्हणजे खुर्ची ढकलत खाली जाता येईल आणि पक्षी दिसतील. पक्ष्यांची खरी नावं त्याला कधी पाठ झाली नाहीत. त्याने आपली आपणच ठेवली होती. मान ताठ ठेवून एका पायावर उभा राहायचा तो बगळा म्हणजे साहेब. जांभळी, लठ्ठ, सारखी कुरकुरणारी पाणकोंबडी म्हणजे बाईंची मोठी आत्या. “आज आत्याबाईंचं कुणाशी तरी बिनसलंय,” असं तो दिवसभराची बातमी दिल्यासारखा सांगायचा.

ती वाट नियमात बसत होती. नियम असा, की पाणथळीच्या काठापासून पंधरा मीटरांच्या आत, नियम आल्यानंतरचं कुठलंही बांधकाम उभं राहता कामा नये. पाणी वर्षभर खालीवर होतं, म्हणून काठ पाण्यावरून धरायचा नाही. जिथे घरांच्या बाजूचं पाणकणसाचं शेवटचं झाड उभं आहे, तो काठ. फळ्यांची वाट काठापासून अठरा मीटरांवर संपत होती. पण त्याच वर्षी समितीने लागवडीची मोहीम काढली आणि नेमकी बाईंच्या घरामागे पाणकणसाची रोपं लावली. बाईंनी स्वतः त्या लोकांना चहा केला होता, चिखलाचे पाय धुवायला बादली दिली होती. रोपं जगली. काठ पाच मीटर वर सरकला. मग एके दिवशी अध्यक्ष फीत घेऊन आले आणि तेरा मीटर भरले म्हणून नोटीस लागली.

नवरा खुर्चीत बसून बैठकीला गेला होता. “अहो, ही झाडं तुम्हीच लावलीत,” तो म्हणाला. “काठ तुम्ही माझ्या दारात आणलात.”

त्यावर अध्यक्षांनी चष्मा पुसला. “झाड कसं आलं, हे नियम विचारत नाही. झाड उभं आहे का, एवढंच विचारतो.” लोकांनी माना डोलावल्या. वाक्य ठराव म्हणून इतिवृत्तात गेलं. समितीला पहिलं उदाहरण हवं होतं आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस फार धावपळ करू शकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पंधरा दिवसांत वाट उखडली गेली. त्यानंतर नवरा चौदा महिने जगला. मागच्या खोलीच्या खिडकीतून त्याला फक्त कुंपण दिसायचं. आवाज ऐकू आले की तो विचारायचा, “आत्याबाई आहेत का गं?” आणि बाई बाहेर जाऊन, बघून येऊन सांगायच्या, “आहेत. भांडतायत.” शेवटच्या महिन्यात त्याने विचारणंही सोडलं. हे बाईंनी अध्यक्षांना कधीच माफ केलं नाही, आणि करायचंही नव्हतं.

त्यांना अध्यक्षांच्या तोंडून एक शब्द हवा होता. चुकलो. बस्स, एवढाच. तेरावा झाल्यावर त्या थेट गेल्याही होत्या मागायला. अध्यक्षांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “तुमचं दुःख मी समजू शकतो. पण निर्णय बरोबरच होता.” त्या दिवशी घरी येऊन बाईंनी समितीच्या सभासदत्वाचा अर्ज भरला.

“अगं, सूड घ्यायचं वय आहे का हे तुझं?” धाकटी बहीण फोनवर म्हणाली होती.

“हेच वय आहे,” बाई म्हणाल्या. “तरुणपणी वेळ कुठे असतो?”

तीन वर्षं त्यांनी अध्यक्षांच्या पायाखालचा दगड कुठे हलतोय ते पाहिलं. तो हलत नव्हता, हीच पंचाईत होती. माणूस नाकाने कांदे सोलणारा खरा, पण स्वतःही नियम पाळणारा. त्यांच्या घरामागे हिरवळीवर पुढे आलेली एक काचेची खोली होती, नियम आल्यानंतर बांधलेली. ती काठापासून सोळा मीटरांवर होती. पंधरा नव्हे, सोळा. एक मीटर जास्त सोडला, हे ते दर बैठकीत एकदा तरी सांगत. सोळा हा आकडा ऐकला की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. पण हा आकडा एका बाजूने पक्का असला तरी दुसऱ्या बाजूने मोकळा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं ते किल्ली हातात पडल्यावर. खोली हलणार नाही. काठ हलू शकतो. तो कसा हलवायचा, हे समितीनेच त्यांना शिकवलं होतं.

फवारा त्यांनी बंद केला नाही. हिरवळीला पाणी कमी पडता कामा नये, असं मालकाचंच सांगणं होतं, म्हणून अर्ध्या तासाचा एक तास केला. उताराला पाणी साचू लागलं. दोन आठवड्यांत खालचं गवत पिवळं पडलं, तीन आठवड्यांत कुजलं, आणि त्याखालून मऊ, काळा, घट्ट चिखल वर आला. तो पाहून बाईंना रोपवाटिकेतले वाफे आठवले. इतका छान चिखल त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

पाणकणसाचं बी कापसात लपलेलं असतं. एका कणसात इतकं, की फुंकर मारली तर गल्लीभर उडेल. बाईंनी कणसं आणून कुस्करली, बी वाळूत मिसळलं, म्हणजे हातात राहतं, आणि एका ढगाळ सकाळी खाली बसून पेरायला घेतलं. गुडघे दुखत होते. तरी मन इतकं हलकं झालं होतं की त्या चक्क गुणगुणत होत्या. दोन मीटर पुरले असते. पण सूड काय मोजूनमापून घ्यायचा असतो? त्या काठापासून नऊ मीटर वर गेल्या.

अंकुर फुटले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षांची सवय आडवी आली होती. पेरायच्या आधी त्यांनी नकळत दोरी ताणली होती, काठीने रेघ ओढली होती, आणि प्रत्येक वितीवर चिमूट सोडली होती. उतारावर पाणकणसाच्या सात ओळी उभ्या होत्या, शाळेतल्या कवायतीसारख्या. जगात कुठेही पाणकणीस असं उगवत नाही. लहान पोरालाही कळलं असतं की हे कुणीतरी पेरलंय, आणि पेरणारं माणूस सवयीचं आहे.

मधलीअधली रोपं उपटून टाकावीत म्हणून त्या खाली वाकल्या. पण निरोगी रोप उपटायला हात धजेना. आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या तशाच पायरीवर बसून विचार करू लागल्या, आणि विचार करता करता त्यांना हसू फुटलं. ओळी नसत्या, झाडं आपली आपण आल्यासारखी दिसली असती, तर काय झालं असतं? अध्यक्षांनी निसर्गापुढे मान तुकवली असती, खोली पाडली असती आणि आणखी मोठे झाले असते. आता मात्र त्यांना तोंड उघडावं लागणार होतं. ही झाडं लावलेली आहेत, ती धरू नका, असं त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार होतं. नेमकं हेच वाक्य नवऱ्याने म्हटलं होतं. बाईंनी ओळींना हातही लावला नाही. उलट दोन ठिकाणी अंकुर आला नव्हता, तिथे पुन्हा चिमूटभर बी टाकलं.

अध्यक्ष परतले तेव्हा पाणकणीस गुडघ्याला लागत होतं. त्यांनी बागेत पाऊल टाकलं ते बुटासकट चिखलात गेलं. त्यांनी स्वतःच पाणथळींच्या सरकारी कार्यालयात फोन करून निरीक्षक बोलावली. बोलावणारे तेच, तक्रार करणारे तेच. बाईंना बोटही हलवावं लागलं नाही.

निरीक्षक मुलगी तरुण होती, पायांत मोठ्या मापाचे बूट, खांद्यावर फीत. तिने ओळी पाहिल्या आणि ओठ दाबून हसू आवरलं. बाई हाक मारल्यावर आल्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. ग्रंथपालबाई काचेच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

“ही झाडं पेरलेली आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “उघड दिसतंय. ओळीत आहेत.”

“कुणी पेरली?” निरीक्षकेने विचारलं.

“मी,” नर्सरीबाई म्हणाल्या.

अध्यक्षांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. नाकबूल करील, मग आपण उलटतपासणी घेऊ, अशी त्यांची तयारी असावी. “तुम्ही? माझ्या बागेत? कुणाच्या परवानगीने?”

“किल्ली तुम्हीच दिलीत. आणि पाणकणीस लावणं हे प्रत्येक सभासदाचं कर्तव्य आहे, हे वाक्य तुमचंच. मी लिहून घेतलंय.”

“लावणं हा गुन्हा नाहीच,” निरीक्षक म्हणाली. “हिरवळ खराब केली म्हणून भांडायचं असेल तर ते तुमचं तुम्ही बघा.” तिने फीत लावली. शेवटच्या ओळीपासून काचेच्या खोलीपर्यंत सात मीटर. तिने आकडा मोठ्याने वाचला आणि लिहिला.

“पण लावलेली झाडं काठ म्हणून कशी धरता येतील?” अध्यक्षांचा आवाज चढला. “हा काय पोरखेळ आहे? उद्या कुणीही उठेल आणि दुसऱ्याच्या दारात काठ नेऊन ठेवील.”

बाईंच्या नवऱ्याचं चार वर्षांपूर्वीचं वाक्य अध्यक्षांच्या तोंडून, त्यांच्याच बागेत, साक्षीदारासमोर बाहेर पडलं होतं. बाईंना त्याची आठवण झाली. त्यांनी काखेतली इतिवृत्ताची जुनी वही उघडून निरीक्षकेपुढे धरली. मुलीने ठराव वाचला, पुन्हा वाचला आणि अध्यक्षांकडे पाहिलं.

“सर, खाली तुमचीच सही आहे.”

“ते प्रकरण वेगळं होतं.”

“कसं वेगळं?” हा प्रश्न निरीक्षकेने खरोखरच न कळून विचारला होता.

मग तिने मार्ग सांगितला. लावलेली झाडं काठ धरायची नाहीत, असा खुलासा समिती करू शकते. तो आला की ती रेघ जुन्या जागी नेईल आणि खोली वाचेल. मात्र आधीचा ठराव उलटा आहे. तो चुकीचा होता, असं अध्यक्षांनी सहीनिशी लिहून द्यायला हवं. “एक ओळ पुरेल,” ती म्हणाली. “आठ दिवस आहेत.”

इकडे आड, तिकडे विहीर. एक ओळ लिहावी तर फळ्यांची वाट नाहक उखडली हे कागदावर येतं. न लिहावी तर खोली जाते. अध्यक्ष एकदा बाईंकडे आणि एकदा ओळींकडे बघत राहिले. बाईंनी नजर हटवली नाही. त्यांना मजा वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

इतिवृत्त लिहिणाऱ्या म्हणून त्या ओळीची प्रत बाईंकडेच येणार होती, आणि आठ दिवस त्या रोज टपालपेटी उघडून पाहत होत्या. बहिणीने फोनवर विचारलं, “दोन्हीपैकी तुला काय हवंय?” बाई म्हणाल्या, “खोली राहू दे त्यांची. मला ओळ हवी.” आणि ते खरं होतं. तो कागद नवऱ्याच्या फोटोमागे ठेवायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पुढचं काही त्यांना सुचतही नव्हतं.

ओळ आली नाही. नवव्या दिवशी कामगार आले आणि काचा उतरवू लागले. अध्यक्ष हाताची घडी घालून बाजूला उभे होते, चेहऱ्यावर हुतात्म्याचा भाव. संध्याकाळपर्यंत वसाहतभर झालं, की नियमासाठी माणसाने स्वतःचं घर मोडलं, याला म्हणतात तत्त्व. समितीत सत्काराची भाषाही सुरू झाली. बाई आपल्या घराच्या मागच्या पायरीवर बसून काचांचा आवाज ऐकत होत्या आणि जिंकूनही त्यांचा राग तसाच होता. ज्याला चुकलो म्हणण्यापेक्षा घर मोडणं सोपं जातं, अशा माणसाचं काय करायचं?

कुंपणाच्या फटीतून ग्रंथपालबाई आल्या. बाई उठून उभ्या राहिल्या. ती खोली कुणाची होती, हे त्यांना आता इतक्या उशिरा लख्ख आठवलं. दुपारभर तिथे वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायच्या त्या ग्रंथपालबाईच. अध्यक्ष तिथे क्वचितच दिसायचे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

“तुमच्यावर माझा राग नव्हता,” नर्सरीबाई म्हणाल्या. “तुमची खोली गेली. वाईट वाटतंय मला.”

“माहीत आहे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखरच लहान होता. त्या पायरीवर बसल्या, म्हणून नर्सरीबाईही बसल्या. “मी रोज त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवत होते. पेनाचं टोपण काढून. आठही दिवस. म्हटलं, एक ओळ लिहा. त्या माणसाचं तुम्ही वाईट केलंत, आता निदान लिहा.”

“मग?”

“म्हणाले, खोली काय, पुन्हा बांधता येईल.” त्यांनी उतरवलेल्या काचांकडे बोट केलं. “त्रेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तो शब्द मीही ऐकलेला नाही. एकदाही नाही. आणि काल रात्री जेवताना मला म्हणतात, बघ, माझं केवढं नुकसान झालं. माझं म्हणे.”

नर्सरीबाईंनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

ग्रंथपालबाईंनी पिशवीत हात घातला आणि गुंडाळलेली फीत काढून मांडीवर ठेवली. “त्यांची अभ्यासिकाही नियम आल्यानंतरचीच आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शेवटच्या ओळीपासून सतरा मीटर भरतात. मी दोनदा मोजलं.” मग सवयीने इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “बी उरलंय का तुमच्याकडे?”

नर्सरीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “किती हवंय?”

“दोन ओळींपुरतं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आणि दोरी ताणूनच पेरू. कुणी पेरलं ते त्यांना कळू दे.”